तीनातले दोन वाटे रानाचे

एक राजा होता, बरं का. त्याचं राज्य डोंगराच्या कुशीत. फार मोठं नव्हतं. सकाळी भाकरी बांधून निघालं, तर दिवस मावळायच्या आत पलीकडच्या शिवेला पोचावं, एवढंच. राजाला दोन लेकी. थोरली शेवंती, धाकटी अबोली. आता नाव अबोली, पण बोलायची किती! सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचं, ते झोप लागल्यावरच मिटायचं. शेवंतीचं उलटं. ती बोलायची कमी. पण एकदा तिनं मनात धरलं ना, की मग हत्ती आडवा आला तरी पोर मागं फिरायची नाही. दाई म्हणायची, "ही कसली राजकन्या, हा तर ठोकलेला खुंटा!"

राजवाड्यामागं मोठा डोंगर होता आणि डोंगरावर दाट रान. त्या रानात जायला कुणाला मनाई नव्हती. फळं खा, मध काढा, जळणाला फाटी आणा. नियम मात्र एक होता. जे मिळेल त्याचे तीन सारखे वाटे करायचे. तीनातले दोन वाटे रानाचे, एक वाटा माणसाचा. रान म्हणजे कोण? तर वानरं, पाखरं, अस्वलं, मुंग्या, सगळी. त्यांना ना शेत, ना कोठार, म्हणून त्यांचे दोन वाटे. राजापासून फाटीवाल्या बायांपर्यंत सगळे हा नियम पाळायचे. मोडून बघायची कुणाची छाती झाली नव्हती.

एकदा काय झालं, दोघी बहिणी करवंदं वेचायला रानात गेल्या. शेवंती जाळीत वाकली होती. अबोली पुढं पळाली. पुढं एक सपाट खडक होता, आणि खडकावर तीन आंबे. पिवळेधमक, देठाशी चीक सुकलेला, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. अबोलीनं एक खाल्ला. तो तिचाच होता, हक्काचा. मग तिनं दुसऱ्याकडं पाहिलं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आणि दुसरा खाल्ला. आता दुसरा खाल्ल्यावर तिसरा राहतो होय? तोही खाल्ला.

शेवंती आली तो खडकावर तीन कोया पडलेल्या.

"अबोले! तीनही खाल्लेस?"

"ताई, भूक लागली होती गं. कोण बघतंय इथं?" असं म्हणत अबोली पुढं यायला गेली, तर पाऊल उचलेना. "ताई, माझे पाय बघ ना. किती जड झालेत."

शेवंतीनं खाली पाहिलं. अबोलीची पावलं करडी झाली होती. दगडासारखी नाही हो, दगडच! तो करडेपणा गुडघ्यापर्यंत चढला, कमरेपर्यंत चढला. शेवंतीनं तिला काखेत धरून ओढलं, खूप ओढलं. "ताई, सोडू नको मला," एवढं अबोली म्हणाली, आणि तिचं तोंड दगडाचं झालं. मग डोळे. मग केस.

शेवंतीच्या हातात दगडाचा हात राहिला. तिनं तो सोडला नाही. ती सगळं रान घुमेल अशी ओरडली, "कोण आहे इथं? माझी बहीण परत द्या!"

मग डोंगर हलला, बरं का. एक कडा पुढं सरकला आणि त्याची बाई झाली. ती होती डोंगरीण. डोक्यावर गवताचे केस, खांद्यावर रानकोंबडीचं घरटं, आणि डोळे म्हणजे पाण्याची दोन डबकी. ती बोलली, की दरीतून धोंडे गडगडल्यासारखं वाटायचं.

"ओरडू नकोस पोरी. मी काही केलं नाही. जो रानाचा वाटा गिळतो, त्याला डोंगर आपल्यात घेतो. आजवर कुणी गिळला नव्हता, इतकंच."

"मावशी, ती लहान आहे. तिला सोडव. बदल्यात मला घे."

"बदली चालत नाही. पण रानाचं देणं फेडता येतं. तीन वेळा रानाचा वाटा बरोबर घाल, म्हणजे तुझी बहीण सुटेल. चुकलीस तर ती जमिनीत रुतत जाईल. आणि सूर्य त्या समोरच्या सुळक्याआड गेला, की दगड डोंगराला चिकटला. मग मलासुद्धा तो निघायचा नाही."

शेवंतीनं सुळक्याकडं पाहिलं. दुपार कलायला लागली होती. तिनं पदर कमरेला खोचला. "सांग मावशी, काय करू?"

डोंगरिणीनं झाडावरचा एक लहानसा फणस तोडला, हातानंच फोडला आणि खडकावर मांडला. आत बारा गरे निघाले. समोर वानरं येऊन बसली. "रानाचा वाटा घाल," डोंगरीण म्हणाली.

शेवंती विचार करू लागली. तीन आंबे असते, तर दोन रानाचे, एक माणसाचा. म्हणजे माणसाला एक उरतो. इथं गरे बारा. मग इथंही एक माणसाला ठेवू, बाकीचे अकरा रानाला. तिकडंही एक उरला, इकडंही एक उरला. झालं बरोबर! तिनं अकरा गरे वानरांपुढं ठेवले आणि एक आपल्याकडं.

काय रे, तुम्हालाही बरोबर वाटलं ना? तिलाही वाटलं होतं.

पण वानरांनी हात लावला नाही. हाताची घडी घालून बसून राहिली. रानातली वानरं नियमाची पक्की, जास्तीचं त्यांना नको. आणि मागं खर्रर्र आवाज झाला. शेवंतीनं वळून पाहिलं. दगडाची अबोली गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली होती.

शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं. ती गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरायला लागली. नखं तुटली, बोटं सोलली, पण दगड तसूभर वर आला नाही.

"उकरून निघायची नाही ती," डोंगरीण म्हणाली. "मला एक सांग. तीनातला एक आंबा आणि बारातला एक गरा, हे दोन वाटे सारखे का गं?"

शेवंतीनं नाक पुसलं. रडायला वेळ कुठं होता? तिनं पळसाची तीन मोठी पानं तोडली आणि खडकावर ओळीनं मांडली. दोन पानं रानाची, एक माणसाचं. मग तिनं बाराही गरे उचलले आणि वाढायला सुरुवात केली. पंगतीत वाढतात ना, तसं. एक या पानावर, एक त्या पानावर, एक पलीकडच्या. परत पहिल्यापासून. असं करत गरे संपले. प्रत्येक पानावर चार-चार गरे आले.

मग तिच्या लक्षात आलं. वाटे अजून तीनच आहेत. फक्त एका-एका वाट्याचे चार-चार तुकडे झालेत. मग माणसाच्या एका वाट्याचे जर चार झाले, तर रानाच्या दोन वाट्यांचे आठ व्हायला हवेत! तीनाचे चारपट बारा, तर दोनाचेही चारपट. सगळे मिळून जितक्या पटीनं वाढले, तितक्याच पटीनं रानाचेही वाढवायचे. नुसती भर घालून चालत नाही.

"मावशी, आठ रानाचे," ती म्हणाली. "बारातले आठ म्हणजे तीनातले दोनच."

तिनं दोन पानं वानरांपुढं सरकवली. वानरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि गरे असे काही मटकावले, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत नुसत्या आठळ्या राहिल्या. आणि अबोली हळूहळू मातीतून वर आली. तिची पावलं गुलाबी झाली, बोटं हलली. कमरेपर्यंत ती माणूस झाली. वर मात्र दगडच.

शेवंतीनं तिची पावलं हातात धरली. ऊब होती त्यात. "आलेच हं," ती पावलांना म्हणाली. आता पावलांना काय ऐकू येणार? पण म्हणाली.

मग डोंगरीण तिला उंबराखाली घेऊन गेली. झाडावर दहा हिरवी कबुतरं बसलेली, चोचीत एकेक उंबर.

"या वेळी उलटं आहे," डोंगरीण म्हणाली. "पाखरांनी रानाचा वाटा आधीच उचललाय. दहा उंबरं. बरोबर रानाचा तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. आता सगळी मिळून किती उंबरं धरायची ते सांग, आणि माणसाचा वाटा तोडून आण. बेतानं बोल हो. तोंडातून गेलेला शब्द मी मागं घेऊ देणार नाही."

शेवंतीच्या जिभेवर पटकन आलं, अकरा! दोनावर एक म्हणजे तीन, तसं दहावर एक म्हणजे अकरा. शब्द ओठापर्यंत आला होता. पण तिला दगड रुतल्याचा तो खर्रर्र आवाज आठवला. तिनं ओठ घट्ट दाबून धरले.

परत तीन पानं मांडली. दहा खडे वेचले. आता हे दहा खडे म्हणजे रानाचा वाटा. रानाची पानं किती? दोन. मग तिनं खडे त्या दोनच पानांवर वाढले. या पानावर पाच, त्या पानावर पाच. तिसरं पान रिकामं. त्या रिकाम्या पानाकडं ती बघत राहिली. वाटे सारखे असायला हवेत. मग या दोघांवर पाच-पाच, तर याच्यावर किती?

पाचच की!

"सगळी मिळून पंधरा," शेवंती म्हणाली. "पंधरातली दहा रानाची. माणसाची पाच. दोनाचे पाचपट दहा झाले, म्हणून तीनाचेही पाचपट."

डोंगरिणीच्या डोळ्यांतली डबकी जरा चमकली. "आण मग पाच."

उंबरावर मुंगळ्यांचं राज्य. शेवंती चढली, तर ते तिच्या हाताला डसले, मानेला डसले. ती खाली उतरली नाही. पाच उंबरं तोडली, ओच्यात घातली. वर एक टपोरं लालभडक उंबर अगदी नाकासमोर लोंबत होतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. पण सहावं नको म्हणजे नको. तिनं तोंड फिरवलं आणि उतरली. पाच उंबरं तिनं तिसऱ्या पानावर ठेवली, आणि अबोलीची छाती वरखाली व्हायला लागली. हात सुटले. एक हात चाचपडत पुढं आला आणि त्यानं शेवंतीचं मनगट धरलं. गळ्याच्या वर मात्र अजून दगड. डोळे दगडाचे, तोंड दगडाचं.

तेवढ्यात खालून घोड्यांच्या टापा आल्या. पोरी परतल्या नाहीत म्हणून राजा स्वतः निघाला होता. बरोबर शिपाई होते. लांबून सगळं पाहिलेल्या फाटीवाल्या बायांनी वाटेत त्याला सांगितलं होतं, की तुमची धाकटी दगडाची झाली, म्हणून त्यानं पाथरवटही बरोबर घेतले होते. राजा धावत आला, अबोलीचा तो चेहरा पाहिला आणि त्याचं काळीज फाटलं.

"छिन्न्या काढा!" तो पाथरवटांना म्हणाला. "तोंडावरचा दगड फोडा. माझं लेकरू आत गुदमरतंय."

शेवंती मधे उभी राहिली. "आबा, नाही."

"बाजूला हो शेवंते."

"आबा, वर दगड आणि आत अबोली, असं नाही ते. तो दगड हीच अबोली आहे. छिन्नी लागली तर तिचाच गाल फुटेल. दोन वाटे बरोबर घातलेत मी. एक राहिलाय."

"आणि तो चुकला तर? दिवस किती राहिलाय बघ!"

"म्हणून तर मला अडवू नका. आणि फोडायचंच असेल, तर आधी मला फोडा."

ती हलली नाही. तिचा हात अबोलीच्या हातात, हातापायावर मुंगळ्यांचे चट्टे, नखांत माती. राजानं लेकीकडं पाहिलं. त्यानं पाथरवटांना हातानं थांबवलं आणि तो खाली बसला. राजा असला तरी बापच तो.

"मावशी, तिसरा वाटा सांग," शेवंती म्हणाली.

डोंगरिणीनं कड्याकडं बोट केलं. तिथून तीन झरे उतरत होते. प्रत्येक झऱ्याखाली एक कातळ आणि कातळाला तोंडं पाडलेली, म्हणजे पाणी त्यातून वाटलं जाई. काही तोंडं रानाकडं वळलेली, काही गावाकडं.

"या तीनातला एकच झरा नियमानं वाहतो. त्याचं पाणी आणून बहिणीच्या डोक्यावर घाल. दुसरं घातलंस, तर काय होईल ते तुला ठाऊक आहे."

सूर्य सुळक्याला टेकायला आला होता. शेवंती आणि राजा झऱ्यांकडं धावले.

पहिल्या कातळाला नऊ तोंडं. त्यातली पाच रानाकडं. दुसऱ्याला आठ तोंडं, सहा रानाकडं. तिसऱ्याला तर केवढी तोंडं! मोजली तर अठरा. त्यातली बारा रानाकडं.

राजा घाईघाईनं म्हणाला, "हा दुसरा घे पोरी! आठातली सहा रानाला. दोनच आपल्याला. रानाला भरपूर मिळतंय, डोंगर खूश होईल."

"आबा, भरपूर नको. बरोबर हवं."

तिनं पळसाची पानं खुडली. पहिला झरा. नऊ तोंडांचे नऊ खडे, तीन पानांवर तीन-तीन. रानाची दोन पानं म्हणजे सहा. इथं तर रानाकडं पाचच! एकानं कमी. हा नव्हे.

दुसरा झरा. आठ खडे. एक-एक वाढत गेली, तर दोन पानांवर तीन-तीन आले आणि तिसऱ्यावर दोनच. परत वाढून पाहिलं. परत तेच. आठ खड्यांचे तीन सारखे वाटे होईनात. वाटे जुळेनात, तर रानाकडं सहा बरोबर कसे? सहा बरोबर यायला तोंडं नऊ हवीत. हाही नव्हे.

"शेवंते, सूर्य!" राजा ओरडला. सूर्याची नुसती कड राहिली होती.

शेवंतीनं वाढणं सोडलं नाही. तिसरा झरा बरोबरच असणार, असं तिला वाटत होतं. पण वाटण्यावर विसंबून एकदा अबोली रुतली होती. अठरा खडे. एक इथं, एक तिथं, एक पलीकडं. पानांवर सहा-सहा आले. दोन पानं, सहा न् सहा बारा. रानाकडं बारा!

"हाच!" ती म्हणाली. "तीनातले दोन, बारातले आठ, पंधरातले दहा, अठरातले बारा. लुगडी वेगळी, बाई तीच!"

तिनं पानाचा द्रोण केला, तिसऱ्या झऱ्याचं पाणी भरलं आणि पळत सुटली. खडक निसरडा. ती एकदा घसरली, ढोपर फुटलं, पण द्रोण तिनं वरच धरला. आणि सूर्याची कड बुडायच्या आत तिनं ते पाणी अबोलीच्या डोक्यावर ओतलं.

आधी केस भिजले आणि कपाळावर चिकटले. मग कपाळ उजळलं. मग पापण्या फडफडल्या. अबोलीनं एक लांब श्वास घेतला, खोकली, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"ताई, तिसरा आंबा आंबट होता गं."

शेवंतीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं अबोलीला असं काही मिठीत घेतलं, की अबोली म्हणाली, "अगं, परत दगड होईन मी!" राजानं दोघींना जवळ ओढलं. पाथरवटांनी डोळे पुसले, शिपायांनीही पुसले.

मग अबोली आपण होऊन डोंगरिणीपुढं गेली. या वेळी ती थोडकंच बोलली. "मावशी, कोण बघतंय म्हणाले मी. चुकलं माझं."

डोंगरिणीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात कसला, झाडाचं मूळच ते, पण मऊ. "देणं फिटलं पोरी. जा घरी." शेवंतीला ती म्हणाली, "तू पहिल्यांदा चुकलीस, तेव्हा मला वाटलं होतं, ही रडत घरी जाणार." एवढं बोलून ती मागं सरकली, आणि तिथं परत नुसता कडा उभा राहिला, गवत वाऱ्यावर हलत असलेला.

राजानं दोघींना घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून स्वतः पायी चालला. घरी गेल्यावर दाईनं त्यांना ऊन-ऊन भात आणि तूप वाढलं. शेवंतीनं किती खाल्लं ते कुणी मोजलं नाही. पुढं शेवंती त्या राज्याची राणी झाली आणि अबोली तिची प्रधान. एक कमी बोलायची, एक भरपूर, म्हणून कारभार छान चालला. रानातली वानरं, पाखरं सुखी झाली, गावातली माणसं सुखी झाली. राजा म्हातारा होईतो लेकींच्या जवळ राहिला.

अशी ही शेवंतीची न् अबोलीची गोष्ट, ज्यानं सांगितली त्याला पुण्य, ज्यानं ऐकली त्याला झोप. चला, आता पांघरूण सगळ्यांना सारखं पुरवून घ्या, ओढाओढ नको. डोळे मिटा. निजा बाळांनो.